आधी मन, मग काम

१४ ऑक्टोबर १९८५

अप्पांनी मला न विचारता शब्द देऊन टाकला. उद्यापासून रोज संध्याकाळी एका घोड्याएवढ्या माणसाला इंग्रजी शिकवायचं आहे. हरिश्चंद्र त्याचं नाव. वेंगुर्ल्याच्या बंदरावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो आणि आमच्याच वाडीत, माडांच्या बागेपलीकडे आपल्या आईबरोबर राहतो. बहारीनला बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात जागा निघाली आहे म्हणे. त्यासाठी जानेवारीत मुंबईला कोणा साहेबापुढे बसून इंग्रजीत बोलावं लागणार.

दिवसभर शाळेत मुलींना इंग्रजी शिकवायचं आणि घरी येऊन पुन्हा तेच! अप्पा म्हणतात, "गो दुर्गे, माणूस बरो आसा. तुजा काय जाता?" त्यांना काय, मोतीबिंदूमुळे पेपर वाचता येत नाही, तेव्हा तेवढीच करमणूक.

१५ ऑक्टोबर

आला. आंघोळ करून आला होता, तरी डिझेलचा वास राहिलाच होता. चपला पायरीखाली नीट जोडून ठेवल्या. माझ्या शाळेतल्या एकाही मुलीला हे जमत नाही.

त्याला इंग्रजी शब्द पुष्कळ येतात. नोझल, गॅस्केट, पिस्टन, फुल, हाफ. वाक्य मात्र एकही येत नाही. सगळे सुटे भाग पडलेत आणि जोडायचं कसं ते ठाऊक नाही, असं त्याचं इंग्रजी.

अप्पांनी मध्येच त्याचं गोत्र विचारलं, कुलदैवत विचारलं, मामाचं गाव विचारलं. मला शरमल्यासारखं झालं. जन्मभर पोस्टमास्तर होते, त्यामुळे माणूस दिसला की त्यांना त्याचा पुरा पत्ता लागतो.

२२ ऑक्टोबर

आज साहेबाला भेटल्यावर बोलायचं पहिलं वाक्य घेतलं. "आय अॅम ग्लॅड टू मीट यू." त्याने विचारलं, "बाई, हो ग्लॅड आधी कित्याक?"

बारा-तेरा वर्षांच्या मास्तरकीत मला हे कोणी विचारलं नव्हतं. सांगता सांगता मलाच ते नवं वाटलं. आपण म्हणतो, तुम्हाला भेटून आनंद झाला. म्हणजे आधी भेट, मग आनंद. इंग्रज आधी मनाची अवस्था सांगतो, मग 'टू' म्हणतो आणि त्याच्यामागून काम सांगतो. हॅपी टू सी, सॉरी टू हिअर, अफ्रेड टू गो. आधी मन, मग काम. आणि त्या कामाला 'इंग'चं शेपूट लावायचं नाही, ते सरळ उभं ठेवायचं.

त्याने ते वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाला, "आमका ह्या जमाचा नाय, बाई. आमी भूक लागली तरी दुसऱ्याक इचारतो, तुमी जेवलास काय म्हणून."

अप्पा खाटेवर हसले. मीही हसले. मग शिस्तीसाठी दहा वाक्यं लिहायला दिली.

२९ ऑक्टोबर

आज गाडी धावली. मन माणसाचंच असायला हवं असं नाही, वस्तूबद्दलही तसंच बोलतात, हे सांगितलं. इझी टू स्टार्ट, हार्ड टू ओपन. मग काय विचारता! नट इज हार्ड टू ओपन. ओल्ड इंजिन इज इझी टू रिपेअर, न्यू इंजिन इज डिफिकल्ट टू रिपेअर. सगळं बंदर माझ्या ओटीवर आणून मांडलं. इंजिनांवरून माणसांवर आला. "अप्पा इज नाइस टू टॉक टू" हे वाक्य एका दुरुस्तीत बरोबर केलं. अप्पा खूश.

मग "बाई इज हार्ड टू" म्हणाला आणि थांबला.

"हार्ड टू अंडरस्टँड?" मी विचारलं. शिकवते ते समजायला कठीण जात असेल तर ते मला कळायला हवं.

"नाय नाय," तो म्हणाला. "इंजिनाचाच बरा."

उद्यापासून आणखी सावकाश शिकवावं.

६ नोव्हेंबर

शिकवणी नाही. तो मालवणला कोणाच्या तरी ट्रॉलरसाठी गेला आहे. बरं झालं, वह्या तपासायच्या राहिल्या होत्या. चार तपासल्या. कुत्रं भुंकलं म्हणून बाहेर जाऊन आले. शेजारच्यांची गाय होती. डास फार झालेत.

११ नोव्हेंबर

चावदिस, दिवाळीची पहिली आंघोळ. आनंदीकाकीनं, म्हणजे हरिश्चंद्राच्या आईनं, सकाळी पोह्यांना बोलावलं होतं. अप्पांना हाताला धरून घेऊन गेले. गुळाचे, दह्याचे, तिखट, सगळे पोहे एकामागून एक पानात पडत राहिले. मी नको म्हणायचं आणि तिनं वाढायचं.

खाणं झाल्यावर तिनं मला सगळं घर दाखवलं. ही चूल, ही वैल, हो गोठो, ही न्हाणी, ह्या माळ्यावरचा भात. विहिरीकडे नेऊन म्हणाली, "पाणी गोडा आसा. उन्हाळ्यातय आटना नाय." म्हाताऱ्या माणसांना घर दाखवायची फार हौस असते. हरिश्चंद्र मागीलदारी उगीचच एक जुना पंप उघडून बसला होता. मी तिकडे वळले तर त्याच्या हातातून पाना पडला.

परत येताना अप्पा म्हणाले, "घर बरा आसा." मी म्हटलं, तुम्हाला दिसलं कुठे? ते म्हणाले, "वास इलो."

१९ नोव्हेंबर

नवा प्रकार काढला. मी मन द्यायचं, त्याने काम भरायचं. मी म्हटलं, हॅपी टू. तो म्हणाला, कम. रेडी टू? वर्क. ईगर टू? लर्न. अफ्रेड टू?

इथे तो गप्प. पुढे दोनदा फिरून त्याच शब्दावर आले, तरी गप्पच. मी म्हटलं, समुद्रात बंद पडलेल्या बोटीवर जाणारा माणूस, तुम्ही कशालाच भीत नाही? "भियातंय," म्हणाला, "पण ता काम अजून केलंय नाय." असू दे. साहेबापुढे तो शब्द वापरूच नका, असं मी सांगितलं.

निघायच्या आधी वही मिटून म्हणाला, "हय माका धरून ठेवणारा कोण आसा, बाई?"

मी म्हटलं, हेच आता इंग्रजीत सांगा बघू.

तो हसल्यासारखा झाला आणि आज वेळेआधीच चपला घालून गेला. वाक्य काही एवढं कठीण नव्हतं.

५ डिसेंबर

कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. शाळेतून आल्यावर मी साडी बदलते. घामामुळे बदलते. पण रविवारी शिकवणी नसते, तेव्हाही घाम येतोच की, आणि तेव्हा मी त्याच साडीत रात्रीपर्यंत असते. पस्तिसाव्या वर्षी ही काय तऱ्हा!

तो आता छान बोलतो. पूर्वी सुटे भाग होते, आता इंजिन चालतं. आज "आय अॅम रेडी टू गोइंग" म्हणाला. शेपूट लावलं होतं. क्षणभर वाटलं, राहू दे. चुकू दे साहेबापुढे. एवढ्यातेवढ्यावरून तो मागे राहील असं नाही, पण कोणी सांगावं? मग माझीच मला लाज वाटली. दुरुस्त केलं आणि त्याच्याकडून पाच वेळा म्हणवून घेतलं. रेडी टू गो. रेडी टू गो. मुंबईच्या गाडीतला कंडक्टर वाटत होता.

मुलगी चांगली वाचायला लागली की मला आनंद होतो. हा चांगलं बोलायला लागला की मला जेवण जात नाही.

१५ डिसेंबर

आज सातेरीच्या देवळात कौल होता. आनंदीकाकीनं हट्टच धरला होता, देवीला विचारल्याशिवाय परमुलखात पाठवणार नाही. अप्पांना घेऊन मीही गेले. आमच्याकडे विहीर खणायची, गाय घ्यायची, मुलगी द्यायची, सगळं देवीला विचारतात. मी इंग्रजी शिकवते, माझा पाकळ्यांवर विश्वास नाही, पण देवळात बसायला मला आवडतं.

धोंडू गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं गाऱ्हाणं घातलं. "बा देवी सातेरी माउली, ही आनंदी तुज्या पायाकडे इली आसा. तिचो झील हरिश्चंद्र दर्यापलीकडे जातंय म्हणता. जावचा आसात तर उजवो कौल दी, रवाचा आसात तर डावो दी. लेकराक अर्ध्या वाटेर ठेवू नको."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

बराच वेळ काही झालं नाही. हरिश्चंद्र हात जोडून उभा होता, पण देवीकडे बघत नव्हता. मग डावी पाकळी सुटून पडली.

आनंदीकाकी रडायलाच लागली. आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की मी खांबाला धरलं. अप्पांनी विचारलं, "काय पडला गो?" मी म्हटलं, डावी.

१६ डिसेंबर

तो नेहमीच्या वेळी आला, पण वही आणली नव्हती. ओटीवर बसला नाही, पायरीवरच उभा राहून म्हणाला, "बाई, देवीन नाय म्हटला. तुमी काय म्हणतास?"

मला काय वाटलं ते मी लिहूनच ठेवते. मला वाटलं, म्हणावं, राहा. पण कोणत्या तोंडानं? काल देवळात मला आनंद झाला होता, तो माझ्या मतलबाचा होता. मतलबापायी माणसाचं नशीब अडवायचं? आणि मुलींना रोज सांगायचं, डोक्यानं विचार करा, आणि स्वतः पाकळीच्या आड लपायचं? मग मी बोलले. चांगलं पंधरा मिनिटं बोलले. पाकळी ओली असेल तर चिकटते, सुकली की पडते, त्यात देवी काय करणार. तुमची तयारी झाली आहे. अशी संधी बंदरावरच्या कोणाला मिळाली आहे? आईला मी समजावीन.

तो एक पायरी खाली उतरला. शेवटी म्हणाला, "म्हणजे मी जावक व्हया, असा तुमका वाटता."

"हो," मी म्हटलं.

"बरा," तो म्हणाला.

खाटेवरून अप्पा उठले आणि एक शब्द न बोलता आत गेले. जेवतानाही बोलले नाहीत. आमटी खारट झाली होती का विचारलं तर म्हणाले, "आमटी बरी आसा."

१७ डिसेंबर

शिकवणीला आला नाही. काल मी बोलले ते बरोबरच बोलले.

२० डिसेंबर

नाही आला. आता त्याला शिकवण्यासारखं उरलंय तरी काय म्हणा.

९ जानेवारी १९८६

मुंबईहून आला. जागा मिळाली. पेढे घेऊन आला होता, अप्पांच्या हातावर ठेवले आणि खाटेच्या कडेला बसला.

साहेब बरा होता म्हणे. सगळं सुरळीत झालं. उठताना मात्र, आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, त्या सवयीनं हा दारातून म्हणाला, "आय अॅम कमिंग, सर." साहेबानं विचारलं, कमिंग व्हेअर? हा पुन्हा म्हणाला, "कमिंग, सर," आणि चालू लागला. साहेब हसून हसून बेजार. अप्पा खूप दिवसांनी हसले. मीही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मी विचारलं, आणखी काय विचारलं साहेबानं?

"इचारला, घर सोडून इतक्या लांब जातलस, घरचे काय म्हणतत?"

"मग?"

त्याने माझ्याकडे बघून सावकाश सांगितलं, "आय अॅम फ्री टू गो, सर. नोबडी इज सॉरी टू लूज मी."

एकही चूक नव्हती. मी शाबास म्हटलं.

मग माझ्या वाटणीचा पेढा पुड्यात परत ठेवला. आत जाऊन पाणी प्यायले.

२ फेब्रुवारी

दुपारच्या मुंबई गाडीनं गेला. अप्पांनी नारळ दिला होता, तो घेऊन मी स्टँडवर गेले. आनंदीकाकी पदर डोळ्यांना लावून बसली होती, नवी बॅग तिच्या पायाशी. मी त्याला नारळ दिला. प्रवासाबद्दल, थंडीबद्दल काहीबाही बोलले. बहारीनला थंडी असते का तेही मला ठाऊक नाही.

तो गाडीच्या पायरीवर चढला आणि वळला. "बाई, ती एक जागा रिकामी रवली होती."

"कोणती?"

"आय वॉज अफ्रेड टू आस्क."

आणि मी, मी काय म्हटलं? मास्तरीण ती मास्तरीण. मी म्हटलं, "टू आस्क व्हॉट? वाक्य पुरं करा."

कंडक्टरनं घंटी मारली. तो म्हणाला, "येतंय, बाई." गाडी हलली. खिडकीत तो दिसला, हात वर केलेला. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी त्या वाक्याच्या पुढच्या शब्दाची वाट बघत उभी होते. मग एकदम सगळं कळलं. पोहे कळले, गोड्या पाण्याची विहीर कळली, अप्पांनी विचारलेलं गोत्र कळलं, पायरीवर उभा राहून तो काय विचारत होता तेही कळलं. मी रस्त्याच्या कडेला मटकन बसले. आनंदीकाकीनं मला उठवलं. खरं तर मी तिला धीर द्यायला गेले होते.

मला तो हवा होता. अजून हवा आहे. हे वाक्य मी कोणत्याच भाषेत कधी म्हटलं नाही.

९ फेब्रुवारी

संध्याकाळ सरत नाही. पायरीखालची जागा झाडते, तिथे चपला नसतात. मुलींना काल धडा शिकवताना 'सॉरी टू हिअर' आलं आणि मी फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिले. कुणीतरी हसलं. हसू दे.

अप्पांना शेवटी मीच विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं ना?

"माका दिसना नाय, आयकाक येता," अप्पा म्हणाले. "गोत्र जुळता, घर बरा, माणूस बरो. आनंदीन माका दिवाळीतच इचारल्यान. मी म्हटलंय, माज्या चेडवाक मी सांगूचंय नाय, तिका होया तर ती बोलात. तू बोललंस गो. पंधरा मिन्टा बोललंस."

त्यांनी हात चाचपत पुढे केला, तो माझ्या डोक्यावर ठेवायचा होता, खांद्यावर पडला. तिथेच राहू दिला.

१७ फेब्रुवारी

आज मी सातेरीला गेले. माझा पाकळ्यांवर विश्वास नाही, हे मी आधीही लिहिलं आहे. पण दुसरं कुठे जाऊ? त्याचा पत्ता अजून आला नव्हता.

देवळात पाच-पंचवीस माणसं होती. कोणाची गाय हरवली होती, कोणाच्या वाटणीचा तंटा होता. माझी पाळी आली तेव्हा मी धोंडू गुरवाच्या कानाशी जाऊन हळूच सांगायला लागले. त्याने डोकंच हलवलं. "बाई, असा कसा चलात? गाराणा मोठ्यान घालूक व्हया. सगळ्यांनी आयकाक व्हया, तेवाच सगळे व्हय म्हणतले. मनातल्या मनात इचारूचा तर घरातच बसाचा."

माझे पाय परत वळले होते. त्या गर्दीत माझ्या शाळेतल्या मुलींच्या आया होत्या. उद्या वर्गात काय होईल ते मला दिसत होतं. आणि त्याच वेळी मला माझंच शिकवणं आठवलं. आधी मन सांगायचं, मग काम. त्याला मी पाच-पाच वेळा म्हणवून घेत होते आणि स्वतः एकदाही म्हटलं नव्हतं.

मी म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, "मी दुर्गा. आनंदीकाकीचो हरिश्चंद्र माका होयो आसा. तेका मीच जा म्हटलंय. आता माका ऱ्हवाक जमना नाय. तो परत येवचो आणि आमचा लगीन व्हावचा, असा माज्या मनात आसा. ता देवीक सांग."

धोंडूनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पाकळ्या लावल्या. माझंच बोलणं जसंच्या तसं उचललं, पुढे त्याचे शब्द जोडले, "ह्या लेकरान तोंड उघडल्यान आसा माउली, तेची लाज राख," आणि थांबला.

कोणीच काही म्हणेना. मग बाईमाणसांच्या बाजूनं, खांबामागून, एकच चिरका आवाज आला, "व्हय म्हाराजा." आनंदीकाकी होती. ती रोज येऊन बसते, हे मला ठाऊक नव्हतं. तिच्यामागून सगळे म्हणाले. हरवलेल्या गायीवालाही म्हणाला.

ती उठून माझ्याकडे आली आणि माझा हात धरला. मी म्हटलं, काकी, कौल. ती म्हणाली, "पडात तेवा पडात. तू चल घराक. तेचा पत्र इला आसा आज, माका वाचूक येना नाय."

१८ फेब्रुवारी

काल तिच्याकडे पत्र वाचून दाखवलं. सुखरूप पोचला. काम बरं आहे, पाणी खारं आहे, गोडं विकत घ्यावं लागतं. शेवटी लिहिलं होतं, बाईंना सांग, इथे सगळ्यांना माझं बोलणं कळतं.

आज सकाळी ती सांगून गेली की रात्री उशिरा उजवी पाकळी पडली. मला आनंद झाला, नाही कशाला म्हणू. पण काल काकीनं 'व्हय' म्हटलं तेव्हाइतका नाही.

शाळेत कोणी काही बोललं नाही. सातवीच्या मुलींनी टेबलावर अबोलीचा गजरा ठेवला होता. कोणी ठेवला ते विचारलं नाही, माळला.

संध्याकाळी पत्र लिहायला बसले. पहिलं वाक्य इंग्रजीत लिहिलं, आय अॅम रेडी टू वेट. बरोबर होतं. एकही चूक नव्हती. म्हणूनच खोडलं. मग आपल्या बोलीत लिहिलं, जी मी आजवर कधी कागदावर लिहिली नव्हती.

"तुमी इचारूक भियालास. मियाय भियालंय. आता मी इचारतंय. माज्याशी लगीन करशात?"

खाली सही करताना 'बाई' लिहिलं जाणार होतं. दुर्गा लिहिलं.

अप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी पाकीट मागून घेतलं, पत्त्यावरून बोट फिरवलं, तिकीट नीट चिकटलंय का ते नखानं पाहिलं. मी म्हटलं, उद्या शाळेत जाताना पेटीत टाकीन. ते म्हणाले, "उद्या कित्याक?" आणि काठी घेऊन पायरी उतरले.